आम्हाला अजिबात घाई नाही

ती. अक्कास,

शिरसाष्टांग नमस्कार. (साष्टांग फक्त कागदावर. माझा उजवा गुडघा अजून अर्ध्यावरच वाकतो.) तुझा खोकला कसा आहे? भावोजींची नवी कवळी बसली का? बसली असेल तर त्यांना जरा बोलायला लाव, म्हणजे त्यांचं काय म्हणणं आहे ते आम्हालाही कळेल. इकडे सगळे बरे आहेत. निदान हे तसं म्हणतात, पण हे अंगात ताप असला तरी तसंच म्हणतात. पुढचं सगळं फोनवरच सांगणार होते, पण फोनवर माझं वाक्य तू निम्म्यातच पूर्ण करून टाकतेस आणि तेही बहुतेक वेळा चुकीचं, म्हणून पत्र लिहायला बसले. तूही नीट बसूनच वाच.

ती जहाजाची मालिका आठवते ना? मालवाहू जहाज, त्यावर तोंडातून शब्द न काढणारा कप्तान आणि तोंड बंद न ठेवणारा स्वयंपाकी. शेवटच्या भागात स्वयंपाकी पेटी उचलून बंदरावर उतरला, कप्तानानं साधं ‘निघालास का’ एवढंही विचारलं नाही, आणि नावांची पाटी वर सरकायला लागली. तू म्हणालीस, बरं झालं, संपली एकदाची. माझा जीव मात्र त्या धक्क्यावरच अडकून राहिला. तर असे अडकलेले जीव पुष्कळ आहेत अक्का, आणि त्यातले काही जण पुढची गोष्ट स्वतःच रचून एका साइटवर टाकतात. फॅनफिक्शन म्हणतात त्याला. त्यात पैसा नाही की नाव नाही (सगळे टोपणनावानं वावरतात, मी ‘टाचणी’). मोबदला काय, तर खाली कोणी दोन ओळींचा अभिप्राय लिहिला तर तो.

आता तू विचारणार की तू तिथं काय लिहितेस. मी गोष्टबिष्ट काही लिहीत नाही. आमच्या दुकानातही नवा कपडा शिवला जात नाही, हे तुला ठाऊक आहेच. लांब पँट आखूड करायची, घट्ट कोट सैल करायचा, गेलेली चेन बदलायची. बेतलेलं दुसऱ्याचं, आपण फक्त अंगाला बसवायचं. तिथंही आम्हा न लिहिणाऱ्यांची अशीच कामं असतात. एक बाई नुसत्या हरवलेल्या गोष्टी शोधून देतात. कप्तानाला ताप येतो आणि स्वयंपाकी दाराबाहेर बसून राहतो ती गोष्ट कुठली, असं कोणी विचारायचा अवकाश, बाई ती हजर करतात. एक निवृत्त खलाशी आहेत, ते प्रत्येक गोष्टीतल्या दोरांच्या गाठी तपासतात. (गोष्टीतल्या प्रेमाशी त्यांना काही देणंघेणं नाही, गाठ बरोबर हवी.) आणि मी शिफारशी करते. दर रविवारी एक गोष्ट निवडायची आणि लोकांना सांगायचं, ही वाचा. शिवाय अभिप्राय. नुसतं ‘मस्त’ लिहून मी पळत नाही. कुठल्या वाक्याला मी हातातली इस्त्री उभी करून ठेवली, ते वाक्य लिहिते. गिऱ्हाइकाला कपडा नीट बसला तर ते सांगायला कधी परत येतं का? उसवला की मात्र दारात हजर. म्हटलं, निदान इथं तरी बसलेल्या कपड्याची खबर पोचवावी.

तर त्यातूनच सगळा घोळ झाला. ‘खारा वारा’ या नावानं एक बाई गोष्ट लिहीत होती. स्वयंपाक्यानं परक्या बंदरात छोटी खानावळ काढली आहे आणि एक दिवस तेच जहाज तिथं लागतं. आम्ही मोजके लोक वाचत होतो. शेवटच्या भागात कप्तान खानावळीच्या दाराशी येऊन उभा राहिला, कडीवर हात ठेवला, आणि पुढे क्रमशः. मला राहवेना. रविवारी मी लिहून टाकलं, ‘ही गोष्ट वाचली नसेल तर तुम्ही मालिका पाहिलीच नाही.’ (रविवारी माझ्या अंगात येतं जरा.) झालं, गुळाला मुंग्या लागाव्यात तशी गर्दी लोटली आणि जो तो विचारायला लागला, पुढचा भाग कधी? आता हा प्रश्न तिथं अगदी असभ्य समजतात, न्हाणीघराच्या दारावर थापा मारण्याइतका. बाई गप्प झाली. मग मी माझ्या अकलेप्रमाणे मोठ्या अक्षरांत सूचना लावली: कृपया लेखिकेला घाई करू नये.

लोक सज्जन गं. त्यांनी माझं ऐकलं. प्रत्येकानं आपापलं जाऊन गोष्टीखाली लिहिलं, ‘आम्हाला अजिबात घाई नाही.’ रोज लिहायला लागले. काही जण सकाळी लिहून पुन्हा संध्याकाळी लिहीत. एकानं लिहिलं, ‘महिना होत आला, तरीही घाई नाही.’ एकीनं चित्र काढलं, त्यात दारातल्या कप्तानाची दाढी पोटापर्यंत आलेली. खलाशीकाकांनी नोंद केली की समुद्राच्या हवेत एव्हाना कडी गंजली असेल, लेखिकेनं तेवढं ध्यानात घ्यावं. मी यांना सगळं सांगितलं तर हे म्हणाले, दारात उभा आहे ना, मग जाईल आत, त्यात लिहायचं काय एवढं? यांच्याशी मी दिवसभर बोलले नाही. (यांना ते संध्याकाळी कळलं.)

अक्का, मला फार वाईट वाटलं. ती बाई सुखानं लिहीत होती आणि कौतुक करकरून तिचं तोंड बंद केलं ते मीच. एका गिऱ्हाइकाच्या पँटवर इस्त्री तशीच राहिली त्या विचारात. शेवटी मी तिला खाजगीत लिहिलं की चूक माझी आहे, रागवायचं तर माझ्यावर रागवा, पण गोष्ट सोडू नका. तिचं उत्तर आलं.

‘रागावले नाही हो. पण आधी वाटायचं, मी तुम्हा चारचौघींना गोष्ट सांगतेय. आता वाटतं, परीक्षेला बसलेय. आणि खरं सांगू का, तो आत गेला की काय बोलेल ते मलाच माहीत नाही. महिनाअखेरीला सगळी गोष्टच काढून टाकते.’

सगळी म्हणजे पहिल्या ओळीपासून सगळी. मी पुष्कळ विनवण्या केल्या. तेव्हा ती म्हणाली, तुम्ही एवढं वाचलंय, मग तुम्हीच लिहून पाठवा तो काय बोलतो ते. त्यातून मला पुढची वाट सुचली तर गोष्ट राहील. मी साफ कळवलं की मी वाचणारी बाई, लिहिणं हे माझं काम नव्हे, माणसानं आपली पायरी ओळखून असावं. बरोबर केलं ना? तर असं सगळं चाललंय. भावोजींना नमस्कार, खोकल्याला जप.

तुझी धाकटी

ता. क. पाकिटात चार कागद जास्तीचे निघतील. ते चुकून आलेले नाहीत. कप्तान आत गेला अक्का, मीच नेला. महिनाअखेरीच्या आत तिला पाठवायचं आहे, पण त्याआधी तू वाच. खरं म्हणजे पत्र त्यासाठीच लिहिलं, खोकल्याचं नंतर सुचलं.

आणखी एक. तू जन्मभर पोरांचे निबंध तपासलेस, तुझ्यापासून काही लपणार नाही. अजिबात भीडभाड न ठेवता, अगदी स्पष्ट मत दे.

वरचं वाचू नकोस. लाल पेन कपाटात ठेव आणि कपाटाला कुलूप लाव. कुठल्या वाक्याला थांबलीस तेवढंच कळव. कुठंच थांबली नसलीस तर एखादं वाक्य निवडून खोटं सांग, मला चालेल.

आणि हे शेवटचं. मी त्याला लांबलचक बोलायला लावून पाहिलं, पण ते त्याच्या तोंडी शोभेना. शेवटी तो एवढंच विचारतो, ‘जेवायला आहे का काही?’ हे म्हणाले, बस, एवढंच? आपल्या घरी तरी दुसरं काय होतं, अक्का. बाबा मुकाट्यानं ताट स्वच्छ करून उठायचे, आणि ते आवडल्याचं समजून घ्यायचं. आई समजून घ्यायची, तूही तेच शिकलीस. मला मात्र ते कधी जमलं नाही. म्हणून या खेपेला, आवडलं तर तोंडानं सांग.