माहूरहून परत आलेल्या पिशव्या

मंगळवार, मुदखेड

आज आलं: गोडंतेल एक किलो, एकशे साठ. माहूरहून पिशव्यांचं गाठोडं, हमाली वीस.

संस्थेच्या रेखानं वर्षभर शाळेत मुलांना आणि बचत गटात आम्हा बायकांना प्लास्टिक सोडायला शिकवलं. देवीची ओटी कापडी पिशवीत द्यायला माहूरचे दुकानदारही तिनंच राजी केले. आम्ही जुन्या लुगड्यांच्या पिशव्या शिवल्या. मी आईचं हिरव्या काठाचं लुगडं दिलं. तिला माहूर घडलं नाही, लुगडं तरी जाईल म्हणून.

सगळ्या परत. दुकानदार परवाच फोनवर म्हणाला होता, "मावशी, नेसलेल्या कापडात देवीची ओटी कोण नेतंय? बाया हातबी लावंनात." खरंच की. मीही नेली नसती. मग शिवताना एकीलाही कसं सुचलं नाही? रेखाचा भरवसा आमच्यावर होता.

हे ऐकून रेखा काम सोडून लातूरला, माहेरी गेली. फोन उचलत नाही. तो हिरवा काठ मांडीवर घेऊन बसले.

कार्ड लिहिलं: रेखा, चुकलो आम्ही, तू नाही. कोऱ्या मांजरपाटाच्या शिवू, पण तुझ्याशिवाय गट जमत नाही. येशील की नाही, एवढं उलट टपाली कळव.