जीभ बाहेर राहिलेला रोल

३ फेब्रुवारी २०२५, सोमवार

चांगो बेंजो सोडतोय! डाव्या हाताची दोन बोटं बधिर झालीत, पट्ट्यांवर बसत नाहीत. खालापूरच्या बाजारात केळी घेताना भेटला.

"भाभी, शनवारी पोशीरला हळद हाय. माजी शेवटची. मंग काय, डीजे हायच." मग जरा हळू — "माजा एक फोटू काडाल? तुमच्या त्या काळ्या-पांढऱ्यात. निसत्या बोटांचा. भिंतीवर लावीन म्हनतो."

किती वर्षं याच्या हळदी ऐकतेय, त्यांचे फोटो काढतेय. स्वतःसाठी त्याने कधी काही मागितलं नव्हतं.

हो म्हणाले. घरी आल्यावर आठवलं — कॅमेऱ्यात घालायला काळ्या-पांढऱ्या फिल्मचा रोल कुठाय?

४ फेब्रुवारी

मुनाफ गेल्यापासून आमच्या फोटो स्टुडिओचं शटर उघडलं नव्हतं. चार वर्षं. आज उघडलं. पासपोर्ट फोटोंचा निळा पडदा तसाच लटकतोय.

नवऱ्याचे फोटो सगळे रंगीत. लाल शालू, हिरवा चुडा. "तुझ्या काळ्या-पांढऱ्याला गिऱ्हाईक नाय गं." हळदीला मात्र मला स्कूटरवरून न चुकता सोडायचा. मांडवात येत नसे. "तू जा. मला तो गोंगाट सोसत नाय. मी बाहेर चहा पितो." मग मी एकटी आत. परतताना त्याच्या पाठीमागे बसून एकटीच गुणगुणायची.

गल्ल्याखालच्या ड्रॉवरमध्ये माझा एक रोल सापडला! जीभ, म्हणजे फिल्मचं टोक, डबीबाहेर आहे. वापरलेल्या रोलची जीभ मी पूर्ण आत गुंडाळते, म्हणजे हा कोरा. मुदत कधीच संपलीय. चालेल.

६ फेब्रुवारी

शेलूहून लायबाचा फोन. "अम्मी, मोबाईलवर काढ ना! एक बटण दाबलं की ब्लॅक अँड व्हाइट."

आपलीच मुलगी. वाद घातला नाही. तिला कसं सांगू, रंग नंतर पुसणं वेगळं आणि मुळात रंगांकडे न बघणं वेगळं.

कॉन्व्हेंटमध्ये सिस्टर ऑर्गन वाजवायच्या तेव्हा माझे डोळे मिटायचे. "झोपतेस काय!" म्हणून पट्टी बसायची. झोपत नव्हते. अजूनही सूर लागला की डोळे मिटतात — कितीतरी फोटो त्यात हुकलेत.

८ फेब्रुवारी, शनिवार

बेंजो पार्टीच्या टेंपोत, ढोलांच्या शेजारी बसून पोशीर.

काय वाजवलं! मध्येच बोटं घसरली, सूर सुटला. नवरदेवाची आत्या ओरडली, "ए चांगो, झोपलास काय रं?"

"तू नाच गं आदी, मंग जागा व्हतो!"

सगळा मांडव हसला. त्याने उरलेल्या बोटांवर आख्खं गाणं उचललं. मी अगदी जवळ गेले. डोळे आज मिटू दिले नाहीत. रोल संपवला.

बाहेर आल्यावर सवयीने चहाच्या टपरीकडे बघितलं.

१० फेब्रुवारी

रोल धुतला. नासला! प्रत्येक चित्रावर दुसरं चित्र बसलंय. आधीच वापरलेला होता, त्यावरच मी पुन्हा काढले!

जीभ बाहेर ठेवायची सवय मुनाफची. "बाहेर असली की धुताना फिल्म काढायला सोपं जातं." किती भांडले असेन त्याच्याशी, एक दिवस घोळ करशील म्हणून. केलास बाबा. गेल्यावर केलास.

पण माझ्या रोलवर त्याने कशाला काढावं?

चांगोला काय सांगू? ती बोटं पुन्हा मांडवात वाजणार नाहीत.

११ फेब्रुवारी

आज काहीच केलं नाही. जेवलेही उभ्या उभ्या.

१२ फेब्रुवारी

बाथरूममध्ये लाल दिवा लावून एक प्रिंट तरी काढून बघितली. कागदावर आधी चांगोची बोटं आली. मग बोटांमागच्या काळोखात हळूहळू एक चेहरा. मांडवाच्या खांबाला टेकलेली बाई. डोळे मिटलेले. कानात माझे निकाहातले झुमके.

मी! केस अजून काळे.

माझा असा एकही फोटो नाही. फोटो काढणाऱ्याचा कोण काढतो? मुनाफ एखाद्या वेळी मला बोलवायला आत आला असेल. तेव्हा काढला असेल. तेवढंच.

१५ फेब्रुवारी

चांगोकडे प्रिंट घेऊन गेले. माफी मागितली. त्याने ती उजेडाला धरली.

"खराब कुटं? बेस हाय. ह्यो मुनाफभाईंनी काडला ना?"

म्हटलं, ते तर बाहेर बसायचे.

"कोन म्हनतं? दर हळदीला माज्या मागं ढोलाच्या आडाला, अंधारात हुबे ऱ्हायचे. तुमच्याकडं बगत. मला म्हनायचे, 'बोलू नको रं. तिला कळलं तर डोळे उघडंल.'"