न बघता लिहिलेले आकडे

रोहा, रविवार

गो मनाली,

माहेरी पेणला सुखात असशील, असं लिहीत नाय. कामावरून काढलेली बाई कसली सुखात?

कंपनीत मला तूच चिकटवलंस. दर तासाला जिना चढून टाकीचं तापमान बघायचं नि कागदावर लिहायचं, हे शिकवलंस. "जाऊबाई, काटा बघितल्याबिगर आकडा लिहायचा नाय हां!" मला राग यायचा. काल लग्न होऊन आलेली, मला शिकवते! काटा तर रोज साठावरच. त्या दिवशी गुडघा दुखत होता, म्हणून सकाळीच आठही तासांचे साठ लिहून टाकले. दुपारी टाकी नव्वदवर गेली, सगळा माल वाया.

साहेबांनी विचारलं, "हे लिहिलं कोणी?" तू माझ्याकडं बघितलंस, मी जमिनीकडं. खाली सही तुझी होती, माझ्या भरवशावर आधीच करून ठेवलेली. तू गेलीस.

काल तुझा नवरा, केरूभावजी, फोनवर तुला म्हणाले, "शिकून काय उजेड पाडलास?" मी बाजूलाच भाकऱ्या थापत होते. थापतच राहिले.

आज साहेबांनी तुझ्या जागेवर येशील का, असं मला विचारलं. मी व्हय म्हटलं.

सरू