भिंतीपर्यंतची पायवाट

४ फेब्रुवारी

सांगून टाकलं. मामाच्या ऑफिसात जाणार नाही. बागा करणार — लोकांच्या, त्यांच्या अंगणात, माझ्या डोक्याने.

आई: "साहित्यात एमए झालीस ती माती कालवायला?"

मामा शांत. "करू दे गं. मार्चअखेर कंटाळेल. खुर्ची कुठे पळून जातेय." माझ्यासाठी त्याने खुर्ची आणून ठेवली आहे. फिरणारी.

भागीदार मावसभाऊ. घरात सगळे त्याला बुलडोझर म्हणतात, कारण लहानपणापासून दिसेल ते खणतो. टेम्पो त्याचा, कल्पना माझ्या. अजून काम एकही नाही.

१० फेब्रुवारी

काम मिळालं!

निवृत्त कप्तान. आयुष्य मालवाहू जहाजांवर गेलं. अजून डुलत चालतात. त्यांची बायको, काकू, म्हणाल्या, "जहाज सुटलं, चाल सुटली नाही." घराच्या मागे मोठा परस — राडारोडा, वाळलेलं गवत. कप्तानांना हिरवळ हवी, बसायला कट्टा हवा. आणि एका बाजूच्या भिंतीला लागून झाडांचं कुंपण. "दाट. पलीकडचा माणूस दिसता कामा नये."

पलीकडचा माणूस म्हणजे सख्खा धाकटा भाऊ. मूळ घर एकच. वडील गेले, मधे छातीएवढी भिंत आली, बोलणं बंद झालं. चहा देताना काकूंनीच सांगितलं, हळू आवाजात. "कशावरून ते विचारू नकोस. त्या दोघांना तरी आठवत असेल का, देव जाणे."

हे काम नीट झालं तर पुढचं येईल. नाही झालं तर खुर्ची.

१५ फेब्रुवारी

परस साफ झाला. माती भुसभुशीत, सपाट, नुसत्या कोऱ्या कागदासारखी. आणि आम्ही थांबलो.

ही माझी पद्धत. पायवाटा मी कागदावर काढणार नाही. माणसं आपसूक जिथून चालतील, तिथे लाद्या टाकायच्या. कप्तानांना सांगितलं.

"म्हणजे काही न करण्यासाठी मी तुम्हाला बोलावलंय?"

"आधी घराची चाल बघायची. मग बाग."

"समुद्रात आधी मार्ग आखतात पोरी, मग जहाज सोडतात." पण हो म्हणाले.

टेम्पोत बुलडोझर: "दुकान उघडलं आणि शटर खाली ओढून आत बसलो. वा."

१९ फेब्रुवारी

पाणी शिंपडून आले. बाकी काही नाही.

२७ फेब्रुवारी

दिसायला लागलं!

एक वाट स्वयंपाकघराच्या दारापासून कपड्यांच्या दोरीपर्यंत. सरळसोट, कामाची. दुसरी फाटकापासून नळापर्यंत — आणि मधेच एक वळसा. कशाला? तिथे काहीच नाही. काकू हसल्या. म्हणाल्या, तिथे पूर्वी टाकी होती. टाकी जाऊन किती वर्षं झाली, पाय अजून तिला वळसा घालतायत. मला इतका आनंद झाला की बुलडोझरला पाठीत गुद्दा मारला. वाक्यं अशी लिहिता आली पाहिजेत. जे नाही त्याला वळसा घालून जाणारी.

एक तिसरीही आहे. पुसट. ओसरीच्या कडेने निघते आणि भिंतीच्या कोपऱ्यात जाते. तिथे नळ नाही, दोरी नाही. तरी माती चेपलेली आहे.

६ मार्च

शहाणपणा नडला.

कप्तान केस कापायला गेले होते. म्हटलं, ते येईपर्यंत वाटा आखून ठेवू. मैदानावर मारतात ती पांढरी फक्की आणली आणि तिन्ही वाटांवर रेघा ओढल्या. काय सुंदर दिसत होतं! कप्तान फाटकातून आत आले तशी मीच हाक मारली — या, बघा. काकूही आल्या.

दोन रेघा बघून कप्तानांनी मान डोलावली. तिसरीवर नजर गेली. रेघ जाते, जाते, आणि भिंतीला टेकून थांबते. पलीकडे कुणीतरी भांडी घासत होतं, तेही थांबलं.

"ही कुणी ओढली?"

"तुमच्याच घराने," मी म्हणाले. हुशारी! जीभ चावायला हवी होती.

"या घरातून तिकडे कुणी जात नाही. काम थांबवा."

बुलडोझरने सिग्नलला टेम्पो थांबवला. मग म्हणाला, "लाद्या टाकायला बोलावलं होतं बाई. पंचनामा करायला नाही."

७ मार्च

फक्त इथे लिहिते. बुलडोझरलाही सांगितलेलं नाही.

तिसऱ्या वाटेवर, पाणी मारलेल्या मातीत ठसे होते. मोठी चप्पल. डावं पाऊल खोल, उजवं जेमतेम टेकलेलं. डुलत चालणाऱ्या माणसाचं. त्या घरात असं कोण चालतं ते आंधळाही सांगेल. आणि मी त्यावरून फक्की ओढत गेले. रेघ बघितली, माणूस बघितला नाही.

९ मार्च

मामाचा फोन. खुर्चीला नवं कव्हर घातलंय म्हणे.

१२ मार्च

फावडी-घमेली आणायला एकटीच गेले. कप्तान ओसरीवर, तोंडासमोर पेपर. मी झाडू घेतला आणि ती तिसरी रेघ झाडायला लागले. निदान एवढं तरी.

काकू बाहेर आल्या. पेपरापलीकडे ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाल्या, "राहू दे, पुसू नकोस. मीच जाते तिकडे. जाऊबाईंशी बोलायला. सांगायचं राहून गेलं."

पेपर हलला नाही. मी नकळत काकूंच्या पायांकडे बघितलं. अनवाणी, एवढीएवढीशी पावलं. त्यांनी मला बघताना पकडलं.

"काय बघतेस? जाते म्हटलं ना."

पेपराआडून आवाज आला. "मग हिच्या पायाला चिखल नको लागायला. टाका लाद्या."

मी मान हलवली.

"आणि मोठ्या टाका."

"आणि कुंपण?"

"ते ठरलंय ते ठरलंय. लावा." पान उलटलं. "वाटेच्या तोंडाशी रोपं कमी पडली तर पडू देत."

काकू आत गेल्या, घाईघाईने. हसू लपवायला किंवा कशाला तरी.

२१ मार्च

लाद्या बसल्या. दोन लाद्यांमधलं अंतर चालणाऱ्याच्या ढांगेवर ठरवतात. काकूंची ढांग मोजायला हवी होती. मी नाही मोजली. ठशांची मापं डोक्यात होती, त्याच अंतराने टाकत गेले.

काकू चालून बघायला उतरल्या. प्रत्येक लादीला अर्धी उडी. "ही माझ्यासाठीच आहे ना गं?" — चेहरा अगदी सरळ ठेवून.

"डगमगतायत का बघतो," म्हणत कप्तान उतरले. शेवटपर्यंत गेले, परत आले. एकही पाऊल लादीबाहेर पडलं नाही. माझ्याकडे बघितलं नाही. काकूंकडेही नाही.

"ठीक आहे," म्हणाले. जहाजावरच्या माणसाकडून हे म्हणजे पुष्कळ, असं बुलडोझरचं मत.

३० मार्च

हिरवळ धरली. कुंपणाची रोपं गुडघ्याएवढी, मधे एक माणूस जाईल एवढी फट. कट्ट्यावर कप्तान बसतात, तोंड कुठे करून ते लिहीत नाही.

दुसरं काम मात्र नाही. कुणाचा फोन नाही. बुलडोझर टेम्पोतून लोकांची कपाटं पोचवतोय. आईने माझे ऑफिसचे कपडे इस्त्री करून ठेवलेत. सोमवारपासून जाते असं मामाला कळवायचंय. उद्या कळवीन.

३१ मार्च

मामाला फोन लावणार तेवढ्यात फोन आला. पलीकडचे — कप्तानांचे धाकटे भाऊ. काम आहे म्हणाले. बाग नको, फक्त पायवाट. त्यांच्या मागच्या दारापासून भिंतीपर्यंत. त्या कोपऱ्यात भिंत उतरवून घेतोय, गवंडी सांगून झालाय.

"आणि हो, तिथे पायरी ठेवणार असाल तर बुटकी ठेवा. दादाचा उजवा गुडघा गेलाय. घरी सांगत नाही तो. जहाजाची सवय म्हणतो."