आठ हात वर

शनिवार, ५ एप्रिल

मिळालं! काम मलाच मिळालं! आमच्या स्काउट पथकाच्या मोठ्या ट्रेकची मुख्य वाट ठरलेली असते. पण मुक्कामावर सॅक टाकून मोकळ्या अंगानं करायच्या छोट्या सहली, खेळ, शेकोटीचे कार्यक्रम – हे सगळं यंदा मी आखणार. एक सहल तळ्यावर. एक जुन्या बंधाऱ्यापर्यंत. आणि तिसऱ्या मुक्कामावरून – शिखर!! दरवर्षी पथक त्याच्या पायथ्याशी राहतं, दिवसभर लोळतं आणि परत येतं. लाज वाटते सांगायला.

नियम मात्र वाईट. मुक्कामावर कुणालाही मागे ठेवायचं नाही, त्यामुळे गेलो तर आठही जण, नाहीतर कुणीच नाही. मत घेताना एक हात खाली राहिला की खेळ खलास. आणि सर? ते मत देत नाहीत. "सहल तुमची, ठरवा तुम्ही," म्हणतात आणि तंबूच्या खुंट्या पुसत बसतात.

सोमवार, ७ एप्रिल

आईला सांगितलं. "गच्चीवरचे कपडे आण म्हटलं की पाय दुखतात तुझे!" ती दारात उभी राहून हसली. हसू दे.

गुरुवार, १० एप्रिल

पोहणाऱ्या तिघांना तळ्यावर जास्त वेळ कबूल केला – तिघेही शिखराला तयार. जुळ्या बहिणींना वेगवेगळं गाठलं आणि प्रत्येकीला सांगितलं, दुसरी घाबरली म्हणून. दोघी तयार! माझा धरून सहा हात. राहिले दोन. आमची सगळ्यात धाकटी चिमणी आणि माझा आतेभाऊ, ज्याला सगळे वकील म्हणतात. हा म्हणजे नन्नाचा पाढा. "दिवसभर ओझी वाहायची, आणि सुट्टीच्या दिवशी पुन्हा तंगडतोड? मी झोपणार."

शनिवार, १२ एप्रिल

नाक कापलं गेलं. सगळ्यांसमोर.

नकाशावर दोरा ठेवून शिखराची वाट मोजली होती मी. ऐटीत सांगितलं – दोन तासांत वर! वकील उठला. नकाशावरच्या उंचीच्या रेषांवर बोट ठेवलं. "किती दाट आहेत बघ. म्हणजे सरळ भिंत! दोऱ्यानं आडवं अंतर मोजलंस, चढ कोण मोजणार? तुझी आत्या?" माझी आत्या म्हणजे त्याचीच आई, हे त्या गाढवाच्या लक्षातही आलं नाही. पण सगळे हसले ते मला.

सरांनी तो नकाशा आठवड्यापूर्वीच पाहिला होता! बैठक संपल्यावर भांडलेच. "दिसलं होतं तर बोलायचं ना, सर!" ते शांतपणे म्हणाले, "बोललो असतो तर सहल माझी झाली असती." असला राग आला!

रविवार, १३ एप्रिल

सकाळभर रडले. मग डोकं चाललं. नकाशा घेतला, आत्याकडे गेले आणि वकिलाच्या पुढ्यात आपटला.

"कर तूच वेळेचा हिशोब."

"मी येतच नाहीये."

"नको येऊस. हिशोब तर कर, एवढा शहाणा आहेस तर!"

संध्याकाळी आत्याचा फोन. "काय खूळ घातलंस गं त्याच्या डोक्यात? जेवायला उठला नाही मेला!" मागून त्याचा आवाज – चढायला साडेचार तास, उजाडायच्या आत निघायचं, आणि हिशोब बरोबर आहे का ते बघायला तो स्वतः येणार. सात हात! मासा गळाला!

शुक्रवार, २ मे

तिसरा मुक्काम. अंगाचं भरीत झालंय.

शेकोटीपाशी हात वर करायला सांगितले. चिमणीचा खालीच. ती प्रत्येक चढावर मागे पडते. मी समजूत काढायला गेले, तर म्हणाली, "मी मागे राहिले की सगळे थांबतात आणि सुस्कारे टाकतात. सगळ्यात मोठा तू टाकतेस, ताई." टाकते खरंच.

म्हटलं, उद्या तू सगळ्यांच्या पुढे. तुझी चाल तीच आमची चाल. तुझ्यापुढे कुणी पाऊल टाकायचं नाही. मी मागे राहीन.

"आणि सुस्कारा?"

"नाही."

"शपथ?"

"शपथ!"

हात वर झाला. आठ!! वकिलानं हिशोबात अर्धा तास वाढवला. शहाणं पोर.

शनिवार, ३ मे

शिखर!!!!

रात्र, तंबूत

आता नीट लिहिते. चिमणी पुढे. वाटलं तिथे थांबत होती, पाणी पीत होती, एकदा तर बुटाची नाडी चांगली सावकाश बांधली. मी गळ्यातला स्कार्फ चावून चावून ओला केला, पण सुस्कारा नाही टाकला! शेवटचा टप्पा म्हणजे नुसते दगड, हातापायांवर चढायचा. तिथे ती मागे वळून ओरडली – "या लवकर!" आम्हाला! ती!

वर पोचलो तर वकील घड्याळाकडे बघून कावला. "हिनं माझा हिशोब बिघडवला. लवकर पोचवलं!" आम्ही त्याला उचलून नाचवला. खाली तीन दिवसांची आमची सगळी वाट दिसत होती, आणि तंबू शर्टाच्या बटणांएवढे. घसा बसेपर्यंत ओरडलो. मी केलं हे! बरं, आम्ही. पण आखलं मी!

उतरायची वेळ झाली तरी सर कड्यापासून लांब एका दगडावर बसून होते. तीनदा हाक मारावी लागली.

बुधवार, ७ मे

तंबू वाळवून सरांच्या घरी पोचवायला गेले. दार बाईंनी उघडलं, म्हणजे सरांच्या बायकोनं. मला वाटायचं, सर त्या शिखरावर डझनभर वेळा चढलेले असणार. बाई म्हणाल्या, "पंचवीस वर्षं त्या पायथ्याशी राहून येतायत. वरून काय दिसतं हो, असं विचारलं की म्हणायचे, अजून कुठल्या पोरांनी नेलं नाही मला. या खेपेला आले, आणि बूटसुद्धा न काढता सांगत बसले."