दाढेतलं पाणी

याडी,

तुले अन् बापूले पुण्याहून तुह्या लेकीचा, उज्ज्वलाचा रामराम. लखनले म्हण, सावकाश वाचून दाखव.

माझी अक्कलदाढ काढली. सूज उतरली, जेवण बरोबर होते, काळजी करू नको. तुहे गुडघे कसे आहेत?

लहानपणी पेलेलं पाणी दातात कायमचं मुरते. जुन्या सांगाड्यांच्या दातांवरून तो माणूस कुठं वाढला, हे आमी कॉलेजच्या लॅबमधी मशीनवर पाहून राह्यलो. आमचे सर म्हणाले, पडताळ्याले तुहीच दाढ लावू. म्हणून तांड्याच्या विहिरीचं पाणी मागवलं, तर दोघांचं जुळेच ना! लखनले फोन केला तवा कळलं. सराकडं गढूळ पाणी कसं धाडावं म्हणून तू दारव्ह्याहून फिल्टरची कॅन आणून बाटली भरली! सर पोट धरून हसले.

मंग लखननं विहिरीचं पाठवलं. बरोबर जुळलं, याडी.

तुमी दरसाल तेलंगणात वीटभट्टीवर जात होते. लखनले कडेवर नेलं, मले शाळेसाठी तांड्यावरच आत्याजवळ ठेवलं. मी जीपच्या मागं रडत पळत होती, 'मलेच काहून सोडता?' म्हणून. आपले आजे-पणजे बैलांवर मीठ लादून जन्मभर फिरले, तुमीही फिरले. एकाच विहिरीवर वाढलेली दाढ आपल्या घरात माझीच पहिली असंन. ती तुमी फिरले अन् मले इथं ठेवलं म्हणून. फोनवर हे बोलता आलं नसतं.

सर दिवाळीत तांड्यावर येतो म्हणतात. त्याहिले कॅनचं पाणी देऊ नको.

तुह्याच विहिरीची,
उज्ज्वला