उलट्या पावलांची बाई

टोकरखाडा, सिल्वासा
श्रावण, १९९९

प्रिय सुकदेव,

पाकिटावरचं अक्षर ओळखून तू पत्र न फोडताच ठेवून देशील, अशी मला धास्ती आहे. तसं करू नकोस. मागच्या पत्रांना तू उत्तर दिलं नाहीस त्याचा राग नाही. पण या वेळी मला तुझ्याकडून एक वस्तू हवी आहे, आणि तीही माझ्यासाठी नाही, माझ्या तेजूसाठी. आपल्या सिनेमाची कॅसेट. हे वाचल्याबरोबर तुझं तोंड कसं झालं असेल ते मला इथे बसून दिसतंय. तरी शेवटपर्यंत वाच आणि मग काय ते ठरव.

परवा कामानिमित्त मसाटला गेलो होतो. तू कामाला होतास त्या कारखान्याच्या गेटसमोरची पत्र्याची शेड अजून आहे, फक्त आता तिथे टायर पंक्चर काढतात. त्या शेडमधल्या व्हिडिओवर आपण किती भुतं बघितली रे! बाकीची मंडळी रबरी मुखवटा दिसला की खिदळायची, शेंगदाण्याची टरफलं टीव्हीवर फेकायची. तू मात्र मांडी घालून, देवळात बसावं तसा बसायचास. एवढ्या उन्हाळ्यात तो मुखवटा घालून जो माणूस उभा राहिला त्याला हसता कशाला, म्हणून तू एकदा भांडलाही होतास. बाहेर आल्यावर चहाच्या टपरीवर तुझी शाळा सुरू व्हायची. भूत दिसलं की अर्धी भीती संपते, येणार येणार असं वाटतं तोवरच खरी मजा. ज्या भुताला काहीच नको असतं ते भूत नव्हे, नुसता गोंधळ. मी कोकणातला, माझ्या गावात प्रत्येक वळणाला एक भूत ठरलेलं. पण भुताकडे इतक्या मायेनं बघणारा माणूस मी पहिला पाहिला तो तू, शिरपूरकडचा. कचेरीत दिवसभर फायली हलवून माझं डोकं आंबून जायचं, आणि तुझ्या त्या बडबडीनं ते पुन्हा ताजं व्हायचं. हे तुला कधी सांगितलं नव्हतं, आज सांगून टाकतो.

रोहिणी तेव्हा नुकतीच लग्न होऊन आली होती. त्या शेडमध्ये बायका जात नसत, म्हणून आपण घरी येऊन तिला सगळा सिनेमा सांगायचो. तू हातवारे करून, मी मध्ये मध्ये चुका काढून. एकदा तांदूळ निवडता निवडता तिनं विचारलं, की हडळीचे पाय उलटे असतात असं लहानपणापासून ऐकतेय, मग एकाही सिनेमात ते का दाखवत नाहीत? तू सरकून तिच्यासमोर बसलास आणि तिला तो प्रश्न पुन्हा विचारायला लावलास. दुसऱ्या दिवशी मी कचेरीतून आलो तर स्वयंपाकघरातून ती केस मोकळे सोडून माझ्याकडे चालत आली. केसांनी तोंड झाकलेलं आणि टाचा माझ्याकडे. माझ्या हातातला डबा पडला, झाकण घरंगळत पार मोरीपर्यंत गेलं. मेल्या, ती नुसती पाठमोरी चालत होती! केस पाठीवर सोडलेले, पदर मागच्या बाजूने पुढच्यासारखा घेतलेला, बस्स. तुला दाखवलं तेव्हा तू टाळ्या वाजवल्यास, मग म्हणालास, "आता समजलं हडळीचे पाय उलटे का असतात ते. ती जग सोडून जाताना घराकडे तोंड करून गेली." तुझं ते वाक्य मी कितीदा मनात म्हटलं आहे याचा हिशेब नाही.

आपलं नशीब असं की चातुर्मास लागून देव झोपले होते. लग्नं बंद, म्हणून कल्पेशभाईचा लग्नाचा कॅमेरा दुकानात धूळ खात पडलेला. तू भीत भीत मागायला गेलास, तर तो म्हणाला, "देव सूई गया, हवे कॅमेराने शूं काम? लई जाओ!" मग राखोलीला नदीकाठी भर दुपारी, पावसाची उघडीप बघून, लेन्सवर निळा जिलेटिन कागद लावून आपण रात्र केली. मी कॅमेऱ्यावर छत्री धरून उभा. दमणगंगा तुडुंब, आणि त्या ओल्या काठावरून रोहिणी पाठमोरी, न बघता, एकेक पाऊल टाकत येतेय. मध्येच तिनं कपाळावरची माशी हाकलायला हात उचलला आणि कोपर उलट्या बाजूला वळलं. माझ्या अंगावर काटा आला. हे कुणाला शिकवून जमलं नसतं. तू कॅमेऱ्यामागे श्वास रोखून बसला होतास, आणि ती अगदी जवळ आली, थांबली, आणि गर्रकन वळून म्हणाली, "घाबरलात की नाही, खरं सांगा!" मग तिला जे हसू फुटलं ते आवरेचना.

ते हसू तू अर्थातच कापलंस. हडळीनं हसायचं नाही, आणि तिचं तोंड तर मुळीच दिसता कामा नये. माझी आई आणि इथली कॉलनी, दोघांच्या डोळ्यांवर आलं असतं, म्हणून हडळ म्हणजे रोहिणी हे आपल्या तिघांतच ठेवायचं ठरलं. मग वापीच्या त्या मिक्सिंगवाल्यानं काय केलं, आठवतं? जन्मभर लग्नाच्याच कॅसेटी जोडलेल्या. बाई पडद्यावर आली की बदाम काढायचा, ही त्याच्या बोटांची सवय. आपली हडळ नदीतून वर आली ती गुलाबी बदामाच्या चौकटीत, पाठीमागे सनई! तू कपाळ बडवून घेतलंस. पण गणपती दारात आले होते, मंडळानं टीव्ही आणि व्हीसीआर भाड्यानं आणून ठेवला होता, दुसरा इलाज नव्हता. पडद्यावर बदाम आला आणि मांडव हसून हसून लोळला. कुणीतरी अक्षताही टाकल्या. मी लाजेनं मान खाली घातली. मग ती चालत चालत त्या बदामाच्या बाहेर आली, टाचा पुढे करून, आणि हसू जागच्या जागी थांबलं. नुसती सनई चालू. तशी सनई मला आजही लग्नात ऐकवत नाही. शेजारच्या बायडाबाई ओरडल्या, "माय वं, हाई ते खरीखुरी हडळ शे!" आणि त्यांना घट्ट चिकटून बसलेली रोहिणी त्यांच्यापेक्षा मोठ्यानं किंचाळली. घरी येऊन ती उशीत तोंड खुपसून हसली. मोठे मोठे लोक मोठाले पैसे ओतून जे करू शकले नाहीत ते तू एका उसन्या कॅमेऱ्यात केलंस. पुढच्या वर्षी लोकांनी आरतीआधीच तोच सिनेमा मागितला.

आता तुला नको असलेलं लिहितो. तेजू रांगायला लागली होती तेव्हा रोहिणीला कावीळ झाली आणि ती गेली. त्या दिवशी अंगणात तू ऊर बडवून रडलास, मी वहिनीला हडळ केलं, मीच अपशकुन केला, असं सगळ्यांसमोर बोललास. लोकांनी तुझंच वाक्य उचललं आणि वर्षभर चघळलं. तू सगळ्या कॅसेटी पिशवीत घालून शिरपूरला निघून गेलास. सुकदेव, तिला काविळीनं नेलं. सिनेमानं नाही. तिच्या शेवटच्या आठवड्यातसुद्धा तिनं मला विचारलं होतं, सुकदेवभाऊंचा दुसरा सिनेमा कधी? तुला हे त्याच वेळी सांगायला आलो असतो, पण तान्ही पोर टाकून कुठे जाणार होतो, आणि पत्रं तर तू फोडतच नाहीस.

तेजूचं सांगतो. नऊ वर्षांची आहे आणि तुझ्यासारखीच वेडी. वाचनालयातल्या भुतांच्या गोष्टी संपल्या म्हणून ती स्वतः लिहिते, आणि तिच्या प्रत्येक भुताला काहीतरी हवं असतं. मी शिकवलं नाही, शप्पथ. गेल्या आठवड्यात वर्गातल्या एकीनं तिला चिडवलं, तुझी आई हडळ होती म्हणून. मी घरी पोचलो तेव्हा ती दारातच उभी. ती ते सांगायला लागली तसा मी हातातली पिशवी खाली ठेवून तिला जवळ घ्यायला वाकलो. तर कार्टीचे डोळे चमकत होते. तिनं बायडाबाईंना जाऊन त्या सिनेमाचं सगळं विचारून घेतलं होतं. त्या म्हणाल्या, "हा वं, तुनी मायच व्हती ती. मी बाजूले बसेल व्हतू, तरी माले समजनं नही!" आणि मग तेजूनं मला विचारलं, म्हणजे आई चालताना दिसते?

घरात रोहिणीचे फोटो आहेत. लग्नातले, मान खाली, कुणी सांगितल्यासारखे. ती चालायची कशी, बोलायची कशी, हे तेजूला मी सांगायला जातो आणि मला सांगता येत नाही. म्हणून हे पत्र. मला मिक्सिंग केलेली कॅसेट तर हवीच, बदामासकट. पण त्याआधीची, कॅमेऱ्यातली मूळ कॅसेट हवी आहे, जिच्यात ती वळते. तू ती पुसली नसशील, तुला मी ओळखतो. पावसाळ्यात टेपला बुरशी धरते. कल्पेशभाई म्हणतो, आणा, मी हातानं साफ करून नवी प्रत काढून देतो. टपालानं पाठवू नकोस, घेऊन ये. गणपतीला ये. सिनेमा दाखवताना तुझ्याइतकं गप्प बसणारं माणूस तेजूच्या शेजारी हवं. काल झोपताना तिनं विचारलं, आई वळते तेव्हा कुणाकडे बघून हसते? तेव्हा ती तुझ्या कॅमेऱ्याकडे बघत होती. मी तेजूला सांगितलं, "तुझ्याकडे."

तुझाच, तुझ्यावरची छत्री अजून न मिटलेला,
रघुनाथ